रोजकीर्द आधी, शिल्लक नंतर : ऑर्डर, डील आणि पोझिशनच्या कामाच्या नोंदी

१० जून २०२५, मंगळवार, पर्वरी (गोवा)

नव्या कामाला आज खरी सुरुवात झाली. ग्राहक परदेशातला. त्याचा ट्रेडिंगचा, म्हणजे आपोआप सौदे करणारा, प्रोग्राम मेटाट्रेडर ४ या चलनाच्या सौद्यांच्या प्लॅटफॉर्मवर कित्येक वर्षं चालतो आहे. तो मेटाट्रेडर ५ वर आणायचा आणि जोडीला दिवसाचा हिशेब जुळवून दाखवणारा एक वेगळा प्रोग्राम लिहून द्यायचा. दुसरा भाग छोटा वाटला होता, म्हणून भावही कमी सांगितला.

काल संध्याकाळी जुना कोड जेमतेम कम्पाइल होईल इतकाच बदलला आणि डेमो खात्यावर (खोट्या पैशांच्या सरावाच्या खात्यावर) रात्रभर चालू ठेवून घरी गेलो. सकाळी येऊन पाहतो तर युरो-डॉलरच्या २३ पोझिशन, म्हणजे न मिटलेले सौदे, उघड्या. प्रोग्रामचा पहिलाच नियम असा, की आधीचा सौदा उघडा असेल तर नवा करायचा नाही. तो नियम कोडात शाबूत होता: 'ऑर्डर्सटोटल' शून्य आलं तरच खरेदी कर. रात्रभर ते शून्यच येत राहिलं. मेटाट्रेडर ५ मध्ये हे फंक्शन फक्त अजून पूर्ण न झालेल्या, थांबून असलेल्या ऑर्डरी मोजतं. खरेदी पार पडली की तिची ऑर्डर इतिहासात जाते आणि उघडं राहतं ते पोझिशनमध्ये. ते मोजायला 'पोझिशन्सटोटल' हे वेगळं फंक्शन आहे.

पैसे डेमोचे होते, तरी पोटात गोळा आला. हाच कोड ग्राहकाच्या खऱ्या खात्यावर गेला असता तर?

एक गोष्ट आताच लिहून ठेवतो, कारण काम कळलं की ओळखीचे लोक लगेच विचारतात. आम्ही फक्त डेमो खात्यावर काम करतो. भारतात राहणाऱ्या माणसाने परदेशी प्लॅटफॉर्मवर पैसे भरून असा चलनाचा व्यवहार करणं फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्यात बसत नाही. चलनाचा सौदा करायचा तर तो अधिकृत संस्थेकडे, मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अनधिकृत प्लॅटफॉर्मची पहिली यादी काढली, तिच्यात ३४ नावं होती. कुणी विचारलं की मी आधी त्या यादीबद्दल सांगतो.

११ जून, बुधवार

दिवसभर कोड लिहिला नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या सहकारीला समोर बसवून शब्द साफ केले, तिचे आणि माझेही.

मेटाट्रेडर ४ आलं २००५ मध्ये. त्यात सगळ्याला 'ऑर्डर'च म्हणत. दिलेली सूचना ऑर्डर, उघडा सौदा ऑर्डर, बंद झालेला सौदाही ऑर्डर. २०१० मध्ये मेटाट्रेडर ५ आलं आणि या एका शब्दाचे तीन झाले. ऑर्डर म्हणजे सर्व्हरला दिलेली सूचना: एवढं घे, या भावाला घे. डील म्हणजे प्रत्यक्ष झालेली खरेदी किंवा विक्री, भाव आणि वेळेसकट. पोझिशन म्हणजे त्या सगळ्या डीलनंतर आत्ता हातात काय उरलं ते.

तिने विचारलं, "सर, पण पोझिशन बघितली की सगळं कळतंच ना? मग डील कशाला ठेवायची?"

मला डिचोलीचं आमचं दुकान आठवलं. बाबांकडे तीन वह्या असत. मागणीची वही साधी शाळेची, तिच्यात कोणाला काय पाठवायचं ते. लाल कापडी बांधणीची रोजकीर्द, तिच्यात दिवसभर जे प्रत्यक्ष घडलं ते, घडलं त्या क्रमाने. आणि खतावणी, तिच्यात प्रत्येकाच्या नावचं पान आणि पानाच्या तळाशी शिल्लक. मागणी लिहिली म्हणून माल गेला असं होत नाही. आणि शिल्लक चुकली तर बाबा खतावणीवर खाडाखोड करत बसत नसत, रोजकीर्दीची पानं मागे उलटत जात. शिल्लक कधीही पुन्हा काढता येते, रोजकीर्द हरवली तर काहीच काढता येत नाही.

तिला तेच सांगितलं. ऑर्डर ही मागणीची वही, डील ही रोजकीर्द, पोझिशन ही खतावणीच्या तळची शिल्लक. आमचा हिशेबाचा प्रोग्राम रोजकीर्दीवर उभा राहील, शिल्लकेवर नाही. भिंतीवरच्या फळ्यावर तिने हे तीन शब्द लिहून ठेवले आहेत.

१३ जून, शुक्रवार

शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार, त्यात पर्वरीला उड्डाणपुलाचं काम. म्हापशाहून येणारी आमची सहकारी साडेदहाला पोहोचली. तोवर मी नेटिंग प्रकारचं दुसरं डेमो खातं उघडून ठेवलं होतं.

परवाच्या २३ पोझिशन झाल्या त्या खातं हेजिंगचं होतं म्हणून. हेजिंगमध्ये एकाच चलनजोडीच्या कितीही पोझिशन स्वतंत्र राहतात, अगदी उलटसुलट दिशांच्यासुद्धा. नेटिंगमध्ये एका चलनजोडीची एकच पोझिशन, नवी डील तिच्यातच मिसळते. सुरुवातीला मेटाट्रेडर ५ फक्त नेटिंगचंच होतं, हेजिंगची सोय २०१६ मध्ये आली. ग्राहकाकडे दोन्ही प्रकारची खाती आहेत, म्हणून दोन्ही समजायला हवीत.

नेटिंग खात्यावरचा आजचा प्रयोग जसाच्या तसा:

पहिली खरेदी ०.१० लॉट (१ लॉट म्हणजे १ लाख युरो), भाव १.१५४००. दुसरी खरेदी ०.१० लॉट, भाव १.१५६००. पोझिशन एकच: खरेदी ०.२० लॉट, सरासरी भाव १.१५५००. मग एकदम ०.३० लॉटची विक्री, भाव १.१५६५०. आता पोझिशन पाहिली तर विक्री ०.१० लॉट, भाव १.१५६५०. बस.

०.२० लॉटवर १५ पिप (१ पिप म्हणजे भावातला ०.०००१ चा फरक) सुटले, म्हणजे ३० डॉलर नफा झाला. पोझिशनकडे पाहून त्याचा पत्ता लागत नाही. ती जणू आत्ताच कोरी उघडलेली आहे. ३० डॉलर सापडतात ते तिसऱ्या डीलमध्ये. तिचा आकार पूर्ण ०.३०, आणि तिच्या 'एन्ट्री' या खान्यात 'इन' (सौदा उघडणारी) नाही, 'आउट' (मिटवणारी) हीही नाही, तर 'इनआउट'. एकाच डीलने जुनी खरेदी मिटवली आणि उलट दिशेची विक्री उघडली. जो प्रोग्राम नफ्यासाठी फक्त 'आउट'च्या डील वेचतो त्याच्या हातून हे ३० डॉलर निसटतात. ग्राहकाने पाठवलेल्या जुन्या अहवालात नेमकी हीच गळती आहे, मी पडताळून पाहिलं.

अजून एक. पोझिशन अशी उलटली की तिचं तिकीट (प्लॅटफॉर्मने दिलेला क्रमांक) बदलतं, ज्या ऑर्डरने ती उलटवली तिचं तिकीट पोझिशनला लागतं. पण 'आयडेंटिफायर' हा पोझिशनचा ओळखक्रमांक मात्र जन्मभर तोच राहतो, आणि प्रत्येक डीलवर तोच लिहिलेला असतो. पोझिशन आणि डील यांची गाठ मारायची तर याच क्रमांकाने. तिकिटाने मारलेली गाठ उलटलेल्या पहिल्याच पोझिशनला सुटेल.

१७ जून, मंगळवार

पाऊस आणि वीज यांचा खेळ सकाळपासून. इन्व्हर्टरवर दोन तास निघाले.

पहिला अहवाल तयार झाला आणि त्यात महिन्याचा नफा १०,००० डॉलरच्या वर दिसला. सहकारीचा चेहरा क्षणभर उजळला होता. मी म्हटलं, अगं, पहिली डील उघडून बघ. चलनजोडीचं नाव कोरं, प्रकार 'बॅलन्स'. खात्यात सुरुवातीला भरलेली रक्कमसुद्धा डील म्हणूनच नोंदवली जाते. दुकानात भांडवल घातलं तेही रोजकीर्दीत येतंच, पण म्हणून ती विक्री होत नाही. प्रकार 'खरेदी' किंवा 'विक्री' असेल तीच डील नफ्यात धरायची, ही अट घातली.

१८ जून, बुधवार

आजची चूक मोठी. पुन्हा कोणी यात अडकू नये म्हणून सविस्तर लिहितो.

इतिहासात ६१ डील. अहवालात एकच ओळ. चूक दाखवणारा कुठलाही संदेश नाही.

डीलचा इतिहास थेट वाचता येत नाही. आधी 'हिस्टरीसिलेक्ट'ला तारखा देऊन हवा तो काळ मागवायचा. मग तेवढा इतिहास प्रोग्रामच्या पुढ्यात येतो आणि 'हिस्टरीडील्सटोटल' त्यातल्या डील मोजतं. मागवलाच नाही तर उत्तर शून्य. इतकं आम्हाला ठाऊक होतं आणि तसं केलंही होतं.

गोम पुढे होती. एकेक डील चाळणारा कोडातला फेरा (लूप) शून्यापासून सुरू होई. शून्य क्रमांकाची डील बॅलन्सची, ती सोडली. एक क्रमांकाची डील 'इन', तीही सोडली. दोन क्रमांकाची 'आउट'. इथे नफ्याची ओळ लिहायची, आणि त्या ओळीत सौदा कधी उघडला ते दाखवण्यासाठी 'हिस्टरीसिलेक्टबायपोझिशन' हाक मारून त्या पोझिशनच्या डील मागवायच्या. ओळ अचूक छापली गेली. पण या दुसऱ्या मागणीने पुढ्यातला इतिहास बदलला. ६१ डील गेल्या आणि त्यांच्या जागी त्या एका पोझिशनच्या दोनच आल्या. फेरा तीनवर गेला, एकूण विचारलं, उत्तर आलं दोन, आणि फेरा संपला. त्याच्या दृष्टीने काम पूर्ण झालं होतं.

बाबांनी रोजकीर्द वाचता वाचता मध्येच ती मिटून एका गिऱ्हाइकाचं पान काढावं, आणि मग ते पान संपलं म्हणून आख्खी रोजकीर्द वाचून झाली असं समजावं, तसं हे. एक डील तिकिटाने निवडणाऱ्या 'हिस्टरीडीलसिलेक्ट'चंही हेच: पुढ्यातली यादी पुसली जाते आणि ती एकच डील उरते. यादी चाळायची असेल तर 'हिस्टरीडीलगेटतिकीट' वापरायचं, ते यादीला धक्का लावत नाही.

उपाय असा केला: पहिल्या फेऱ्यात फक्त वाचन. प्रत्येक डीलचं तिकीट, ऑर्डरचा क्रमांक, पोझिशनचा क्रमांक, वेळ, प्रकार, एन्ट्री, आकार, भाव, नफा, कमिशन, स्वॅप (सौदा रात्रभर उघडा ठेवल्याची आकारणी किंवा जमा) हे सगळं आमच्या स्वतःच्या यादीत उतरवायचं. मग प्लॅटफॉर्मला पुन्हा काही विचारायचं नाही. पोझिशनच्या क्रमांकाने गट पाडायचे आणि हिशेब आमच्या यादीवर करायचा. ओळी बरोबर आल्या, आणि अहवाल डोळ्यादेखत वेगवान झाला तो वेगळाच.

जाता जाता: 'हिस्टरीसिलेक्ट'ला शेवटची तारीख म्हणून 'टाइमकरंट' देऊ नये. ते शेवटच्या आलेल्या भावाची वेळ सांगतं, आणि शनिवार-रविवारी ती शुक्रवारीच अडकलेली असते. आम्ही एक दिवस पुढची तारीख देतो.

२० जून, शुक्रवार

ऑर्डर पाठवणारं 'ऑर्डरसेंड' हे फंक्शन 'खरं' (ट्रू) म्हणालं याचा अर्थ सौदा झाला असा नाही. पाठवलेल्या सूचनेची रचना वरवर तपासून ठीक वाटली, इतकाच. खरं उत्तर परत आलेल्या क्रमांकात असतं. १०००९ म्हणजे पूर्ण झालं. १०००८ म्हणजे ऑर्डर ठेवली गेली, अजून झालेली नाही. १००१० म्हणजे अर्धवट झाली. १००३० म्हणजे ऑर्डर भरण्याची पद्धत मान्य नाही, आणि १००१९ म्हणजे पैसे पुरेसे नाहीत. ग्राहकाच्या जुन्या कोडात हा क्रमांक कुठेच वाचलेला नव्हता.

अर्धवट भरण्यावर जरा थांबलो. मोठी ऑर्डर एका भावाला पूर्ण मिळाली नाही तर ती दोन-तीन तुकड्यांत भरते. ऑर्डर एक, डील तीन, तीन वेगवेगळे भाव. इकडे ट्रॉलरच्या मासेमारीला १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंदी असते, तेव्हा हॉटेलवाल्याने वीस किलो विसवण (सुरमई) मागितली तर एका कोळणीकडे ती मिळत नाही. चौघींच्या पाटीतून गोळा होते, चार भावांनी. मागणी मात्र एकच होती. 'एका ऑर्डरची एक डील' असं गृहीत धरून लिहिलेल्या कोडाच्या चार जागा सापडल्या. चारही बदलल्या.

२४ जून, मंगळवार

आज सांजांव, सेंट जॉनचा सण. सहकारीला दुपारनंतर सुट्टी दिली, तिच्या वाड्यावर मुलं कोपेलं (फुलापानांचे मुकुट) घालून विहिरीत उड्या मारतात, ते तिला चुकवायचं नव्हतं. मी एकटाच बसलो.

दुपारी खालच्या मजल्यावरचा दुकानदार वर आला. तो शेअर बाजारात थोडं फार करतो. त्याच्या मोबाइलमधल्या ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये ऑर्डर बुक, ट्रेड बुक आणि पोझिशन अशी तीन पानं आहेत, आणि यांत फरक काय असं त्याने विचारलं. आपल्याकडेही तेच तीन शब्द आहेत, डीलच्या जागी फक्त ट्रेड म्हणतात. सकाळी ९:१५ ते दुपारी ३:३० च्या बाजारात त्याने एक शेअर घेतला होता. ऑर्डर बुकात तो पूर्ण झालेली एक ऑर्डर म्हणून होता, ट्रेड बुकात तीन तुकड्यांत. उद्या तो पोझिशनच्या पानावर दिसणार नाही, म्हणून माल गेला समजून घाबरू नको, असं त्याला सांगितलं. डिलिव्हरीचा माल होल्डिंगमध्ये जातो, आणि जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरांचा व्यवहार लगेच पुढच्या कामाच्या दिवशी पुरा होतो. एक्स्चेंजवरच्या फ्युचरमध्ये मात्र एका कराराची निव्वळ पोझिशनच राहते, म्हणजे आमच्या नेटिंग खात्यासारखीच.

त्याने आपली तीन पानं पुन्हा एकदा स्वतः लावून पाहिली. समाधानाने गेला. मलाही बरं वाटलं.

२६ जून, गुरुवार

'ऑनट्रेडट्रान्झॅक्शन'. खात्यावर काहीही घडलं की प्लॅटफॉर्म या फंक्शनला कळवतो. बाजारभावाची एकच खरेदी केली तरी घटना अनेक येतात: ऑर्डर आली, डील जमा झाली, ऑर्डर चालू यादीतून निघाली, इतिहासात गेली. त्या कोणत्या क्रमाने पोहोचतील याची खात्री प्लॅटफॉर्म देत नाही. आम्ही मात्र 'आधी ऑर्डर, मग डील' असं धरून बसलो होतो. आज दोनदा उलटं घडलं, आणि डील आली तेव्हा तिची ऑर्डर आमच्या यादीत नव्हतीच.

एक गोष्ट वाचली आणि मन शांत झालं. डीलमुळे पोझिशन उघडली, बदलली किंवा मिटली, तर पोझिशन बदलल्याची वेगळी घटना येत नाही. ती घटना फक्त डीलशिवाय झालेल्या बदलांसाठी आहे. म्हणजे प्लॅटफॉर्मसुद्धा बातमी देतो ती डीलचीच. म्हणून आता आम्ही एकच घटना ऐकतो: डील जमा झाली. तिचं तिकीट टिपायचं आणि लगेच बाहेर पडायचं. बाकीचा हिशेब नंतर, टायमरवर. या घटनांची रांग १०२४ ची असते. फंक्शनमध्ये जड काम करत बसलं तर मागून येणाऱ्या नव्या घटना जुन्यांना ढकलून देतात.

२ जुलै, बुधवार

महिन्याचा हिशेब खात्याच्या शिलकेशी ताडला. १४.७० डॉलरचा फरक.

सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत तेच. स्वॅप तपासला, बुधवारचा तिप्पट स्वॅपही तपासला (शनिवार-रविवारचा आकार बुधवारच्या रात्री लावतात), बरोबर निघाला. शेवटी सहकारीने विचारलं, "सर, सौदे किती झाले?" ४२. तिने कॅल्क्युलेटर पुढे केला: १४.७० भागिले ४२, बरोबर ०.३५. ०.१० लॉटच्या एका डीलचं कमिशन ०.३५.

आम्ही नफा, कमिशन आणि स्वॅप घेत होतो ते सौदा मिटवणाऱ्या डीलमधून. पण या खात्यावर कमिशन दोन्ही वेळेला लागतं, उघडतानाही आणि मिटवतानाही. उघडतानाचं कमिशन 'इन' डीलवर लिहिलेलं असतं, आणि आम्ही 'इन' डीलकडे 'हिच्यात नफा नाही' म्हणून पाहतच नव्हतो. रोजकीर्दीची अर्धी पानं न वाचता शिल्लक काढायला बसलो होतो.

आता पोझिशनच्या क्रमांकाच्या सगळ्या डीलची बेरीज घेतो, एन्ट्री कोणतीही असो. 'इनआउट'चा १३ तारखेचा प्रश्नही यातच सुटला.

संध्याकाळी तिला कॅफेतून चहा आणि मिर्ची भजी मागवली. हा फरक तिने शोधला, अहवालाच्या सोबतच्या टिपणात तिचं नाव जाईल.

९ जुलै, बुधवार

'आउटबाय': हेजिंग खात्यावर दोन उलट पोझिशन एकमेकींवर मिटवल्या की दोन डील होतात, प्रत्येक पोझिशनच्या नावावर एकेक. गट पोझिशनच्या क्रमांकानेच पाडत असल्यामुळे वेगळं काही करावं लागलं नाही. चाचणी झाली.

११ जुलै, शुक्रवार

फरक ०.०० असा छापला जातो आणि शेजारी 'जुळत नाही' असाही शेरा येतो. ग्राहकाने हे पाहिलं असतं तर त्याने दोन्हीवर विश्वास ठेवला नसता.

कारण दशांश अपूर्णांक. ०.१० आणि ०.२० मिळून संगणकात अचूक ०.३० होत नाहीत, शेपटीला अगदी बारीक काहीतरी उरतं. छापताना दोनच स्थळं दिसतात, तुलना करताना मात्र सगळी धरली जातात. प्रत्येक डीलची रक्कम वाचली की तिथेच शंभराने गुणून, पूर्णांकात फिरवून सेंटमध्ये ठेवायची, आणि बेरीज, तुलना सगळं सेंटमध्ये. डॉलर फक्त छापताना.

रात्री डिचोलीला गेलो. बाबांना जेवताना सगळं सांगितलं, वह्यांचं उदाहरण दिलं तेही. त्यांनी एकच विचारलं, "मग शिल्लक कोणाची धरलीस, तुझी की त्यांची?" माझी रोजकीर्दीवरून काढलेली, आणि मग त्यांच्याशी ताडलेली, असं म्हटलं. ते उठून माळ्यावरून एक जुनी रोजकीर्द काढून घेऊन आले. वाळवी एका कोपऱ्याला लागली आहे. अक्षर अजून स्पष्ट आहे.

१५ जुलै, मंगळवार

हेजिंग आणि नेटिंग, दोन्ही डेमो खात्यांवर प्रोग्राम शुक्रवारपासून चालू. शुक्रवार आणि सोमवारचा फरक दोन्हीकडे शून्य सेंट. आज सकाळी ग्राहकाला कोड, अहवाल आणि टिपण पाठवलं. त्याच्या जुन्या खात्याचा मागचा इतिहास तो उद्या निर्यात करून देणार आहे. त्यात उलटवलेल्या पोझिशन बऱ्याच आहेत, तेव्हा पहिली तपासणी तिथूनच.